नियम तोंडपाठ, तरी इंग्रजीच्या पेपरात गुण का जातात?

"रोज दीड तास इंग्रजीच करते. कुठलाही नियम विचारा, घडाघडा सांगते. पेपरात मात्र तेच चुकवून येते. उताऱ्याचे निम्मे प्रश्न कोरे सोडते आणि वर्गात मोठ्याने वाचायची वेळ आली की रडकुंडीला येते. भाषा हा हिचा विषयच नाही का?"

नववीतल्या एका मुलीच्या आईची ही काळजी. मुलगी मराठी माध्यमातली, बाकीच्या विषयांत चांगली. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत, पण ही तक्रार कितीतरी पालकांची असते.

मुलगी शेजारीच मान खाली घालून बसली होती. "विषयच नाही" हे तिच्या कानावर पहिल्यांदा पडत नव्हतं. त्यामुळे आवड आणि बुद्धी यांची चर्चा बाजूला ठेवून मागच्या तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. काम तिलाच दिलं. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर चारपैकी एक कारण लिहायचं: नियम माहीत नव्हता, नियम माहीत होता पण इथे तो लागतो हे ओळखलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, शब्द किंवा स्पेलिंग अडलं.

तासाभरात चित्र स्पष्ट झालं. नियमच माहीत नव्हता अशा जागा अगदी मोजक्या. सर्वांत जास्त गुण दुसऱ्या कारणाने गेले होते. त्याचं मूळ तिच्या सराव-वहीत सापडलं. वहीत वर मथळा 'पॅसिव्ह व्हॉइस' आणि खाली पंधरा वाक्यं, सगळी पॅसिव्हचीच. पुढच्या पानावर मथळा 'आर्टिकल्स' आणि खाली सगळ्या आर्टिकलच्याच रिकाम्या जागा. कुठला नियम लावायचा हे मथळाच सांगून टाकतो, तिने ते कधी स्वतः ठरवलेलंच नाही. पेपरात मथळा नसतो. म्हणजे पेपरात जे कौशल्य सगळ्यात आधी लागतं, त्याचाच सराव शून्य.

म्हणून पहिला बदल हा: एका विषयाची पंधरा वाक्यं एका बैठकीत सोडवायची नाहीत. पाच विषयांची दोन-दोन वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून मिसळायची. चिठ्ठी उचलली की उत्तर लिहिण्याआधी तोंडाने सांगायचं, "इथे काय विचारलंय आणि ते मला कशावरून कळलं?" वाक्यात 'सिन्स' दिसलं, 'बाय' दिसलं, 'येस्टरडे' दिसलं, जी खूण असेल तिच्यावर बोट ठेवायचं.

याने सुरुवातीला गुण कमी होतात, हे आईला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी दुसऱ्या आठवड्यात फोन आलाच. "आधी दहापैकी नऊ यायचे, आता सहाच येतात." ते नऊ मथळ्याच्या जोरावर आलेले होते. मिसळलेल्या चिठ्ठ्यांत येणारे सहा हेच तिचे पेपरातले खरे गुण, आणि वाढवायचे आहेत तेही हेच.

आता तिच्याच पेपरातलं एक वाक्य जवळून पाहू: 'ही डिड नॉट वेन्ट टू स्कूल.' नियम विचारला तर तिने बिनचूक सांगितला, "डिडनंतर मूळ रूप." तरी हात 'वेन्ट' लिहून मोकळा झाला, कारण मनात काळ भूतकाळ आहे आणि मराठीत तो क्रियापदातच दिसतो: गेला, गेला नाही. इंग्रजीत काळाची खूण अशा वाक्यात एकदाच येते. 'डिड'ने ती घेतली की क्रियापद मोकळं होतं. वर्तमानकाळातल्या 'एस'चंही तसंच. 'शी गोज', 'शी डझन्ट गो', 'डझ शी गो?' यांत तो एस क्रियापदावरून उठून 'डू'वर जाऊन बसतो आणि 'डझ' तयार होतं. दोन्हीकडे कधीच बसत नाही. रोज दोनच क्रियापदं घेऊन होकार, नकार आणि प्रश्न अशी तीन वाक्यं मोठ्याने म्हणायची, दोन्ही काळांत. दिवसाला बारा वाक्यं, पाच मिनिटांचं काम. नियम तोंडपाठ असण्यापेक्षा रचना जिभेवर बसणं परीक्षेच्या घाईत जास्त उपयोगी पडतं.

'सिन्स' आणि 'फॉर' यांचा घोळही असाच. 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीकडे आपण एकच 'पासून' वापरतो, म्हणून 'सिन्स टू अवर्स' लिहिलं जातं. तिला एकच कसोटी दिली. घड्याळावर किंवा कॅलेंडरवर त्या क्षणी बोट ठेवता येतं का? सकाळ, सोमवार, 2019, या सगळ्यांवर येतं, म्हणून 'सिन्स'. दोन तास, तीन वर्षं हा मोजलेला अवधी आहे, त्याला 'फॉर'.

आर्टिकलची चूक तिला उच्चारापर्यंत घेऊन गेली. तिने 'ॲन युनिव्हर्सिटी' आणि 'अ अवर' असं लिहिलं होतं, कारण पहिलं अक्षर स्वर आहे का एवढंच ती पाहत होती. पाहायचा असतो पहिला आवाज. 'युनिव्हर्सिटी'चा पहिला आवाज 'य', म्हणून 'अ'. 'अवर'मधला एच बोलला जात नाही, म्हणून 'ॲन'. तसंच 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'अ युरोपियन', 'अ वन-वे रोड', 'ॲन एक्स-रे'. लिहिण्याआधी शब्द ओठांत म्हणून पाहिला की हा गुण सहसा जात नाही. उच्चार हा फक्त तोंडी परीक्षेपुरता विषय आहे, हा समज इथेच गळून पडतो.

उच्चारात तिचं मोठं अडथळ्याचं कारण पुस्तकातच दिसत होतं. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेला. अशाने नजर देवनागरी वाचते, इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांत बसतच नाही, आणि जे फरक आपल्या लिपीत नीट उतरत नाहीत ते कायमचे पुसले जातात. नव्या धड्यावर असं लिहिणं बंद केलं. अडलेल्या शब्दाचा उच्चार डिक्शनरी ॲपमध्ये ऐकायचा आणि आघाताचं चिन्ह बघायचं. ती छोटी उभी रेघ शब्दाच्या ज्या अवयवाच्या, म्हणजे सिलेबलच्या, आधी असते, त्यावर जोर. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर सुरुवातीला, क्रियापद असेल तर शेवटी.

सगळे आवाज एकदम सुधारायला घेतले नाहीत. चारच निवडले. 'व्हेस्ट'मधला व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, 'वेस्ट'मधल्या डब्ल्यूला ओठ गोल होतात आणि दात कुठेच लागत नाहीत. आरशासमोर दोन्ही शब्द पाठोपाठ म्हटले की फरक दिसतो. 'झू'साठी घशावर हात ठेवून लांब 'स्स्स' म्हणायचं आणि जीभ न हलवता त्यात आवाज मिसळायचा, घसा थरथरला की झेड आला. 'थिंक'मध्ये जिभेचं टोक दातांत हलकं ठेवून हवा सुटू द्यायची, आपल्या 'थ'सारखी अडवून सोडायची नाही.

चौथा आवाज क्रियापदाच्या शेवटच्या ईडीचा. ती 'वॉक-एड', 'लाफ-एड' असं वाचायची. क, प, फ, स, श, च अशा अघोष, म्हणजे घसा न थरथरता येणाऱ्या, आवाजानंतर तो 'ट' होतो: वॉक्ट, लाफ्ट. घोष, म्हणजे घसा थरथरवणाऱ्या, आवाजानंतर आणि स्वरानंतर 'ड': प्लेड, ओपन्ड. आणि क्रियापदच ट किंवा ड ने संपत असेल तरच वेगळा 'इड' ऐकू येतो: वॉन्टेड, नीडेड. हे कळल्यावर श्रुतलेखनात ईडी गाळण्याची तिची चूकही कमी झाली, कारण बारीकसा 'ट' कानाला ऐकू यायला लागला.

मोठ्याने वाचायच्या भीतीचं मूळ शब्द-शब्द वाचण्यात होतं. वाक्यात अर्थाच्या तुकड्यांवर तिरक्या रेघा मारायच्या: 'द ओल्ड मॅन / सिटिंग अंडर द ट्री / वॉज वेटिंग / फॉर हिज सन.' श्वास रेघेवर घ्यायचा, मध्ये नाही. आधी ऐकायचं, मग आवाजाबरोबर कुजबुजत, मग एकटीने, रोज पाच ओळी. फोनवर रेकॉर्ड करून स्वतः ऐकायचं आणि दोनच चुका टिपायच्या. घरच्यांना एक विनंती केली. ती वाचत असताना मध्येच शब्द दुरुस्त करायचा नाही. प्रत्येक टोकण्यागणिक वाचणाऱ्याचं लक्ष अर्थावरून उडतं आणि पुढच्या चुकीच्या धास्तीत अडकतं. आईला हे सगळ्यांत जड गेलं, पण तिने पाळलं.

उताऱ्याला मात्र सर्वांत जास्त वेळ दिला, कारण गुण तिथेच होते. ती पहिल्या शब्दापासून मनात मराठी करत जायची. पाचव्या ओळीत नवा शब्द आला की गाडी तिथेच थांबायची आणि पहिल्या चार ओळी विसरलेल्या असायच्या. नवी पद्धत अशी ठरली. आधी फक्त प्रश्न वाचायचे, एका मिनिटात. मग उतारा न थांबता शेवटपर्यंत, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारून पुढे. परिच्छेद संपला की समासात तीन-चार शब्दांत त्याचा सारांश, मराठीत असला तरी चालेल. मग प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर ज्या ओळीत आहे तिचा क्रमांक, आणि त्यानंतरच लेखन. सरावासाठी उतारा निवडताना 100 शब्दांत पाचाहून जास्त शब्द अडत असतील तर तो सध्या अवघड आहे, सोपा घ्यायचा.

तिचे गुण जात होते ते अनुमानाच्या प्रश्नांत. एक उदाहरण: 'द ओल्ड टीचर रेड द लेटर, फोल्डेड इट केअरफुली, देन ओपन्ड इट अँड रेड इट अगेन.' प्रश्न: 'डिड द लेटर मॅटर टू हिम? हाउ डू यू नो?' तिने उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. त्यात पुरावा आहे, उत्तर नाही. आधी आपलं म्हणणं, मग 'बिकॉज', मग उताऱ्यातला पुरावा: 'येस, द लेटर मॅटर्ड टू हिम बिकॉज ही फोल्डेड इट केअरफुली अँड रेड इट ट्वाइस.' यात व्याकरणही कामाला आलं. प्रश्नात 'डिड' असेल तर उत्तरातल्या क्रियापदाने भूतकाळाची खूण स्वतःकडे घ्यायची. खरे-खोटे ओळखायच्या विधानांत 'ओन्ली', 'ऑल', 'नेव्हर', 'ऑलवेज' यांना गोल करायचं, चकवा बहुतेक वेळा त्यांच्यातच असतो. सर्वनाम कोणासाठी आलंय असं विचारलं तर ते नाम सर्वनामाच्या जागी ठेवून अख्खं वाक्य वाचून पाहायचं.

वेळेचा हिशेबही शिकवला. पेपर 80 गुणांचा आणि 3 तासांचा असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटं मिळतात. 10 गुणांच्या उताऱ्याला 20 मिनिटं दिली की थोडी हातात उरतात. उतारा शेवटी ठेवायची सवय सोडायला सांगितलं, दमलेल्या डोक्याने तो होत नाही.

दीड तासाचे 45 मिनिटं केली. दहा मिनिटं चुकांची वही, दहा मिनिटं चिठ्ठ्या, वीस मिनिटं उतारा, पाच मिनिटं वाचन. चुकांच्या वहीत तीन रकाने: माझं वाक्य, बरोबर वाक्य, ओळखायची खूण. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने बरोबर वाक्य झाकून पुन्हा लिहायचं. तेच वाक्य दहा वेळा उतरवण्याला इथे जागा नाही, तिसऱ्या ओळीनंतर फक्त हात लिहीत असतो.

पुढच्या चाचणीत व्याकरणाचे गुण वाढले, उताऱ्याचे त्याच्या पुढच्या परीक्षेत. उताऱ्याला असा उशीर लागतोच, कारण शब्दसंपत्ती हळू वाढते. व्ही आणि डब्ल्यू तिचे अजूनही घाईत गल्लत होतात.

जाताना आईने विचारलं, "मग शिकवणी लावू की नको?" ते चार कारणांच्या यादीवरून ठरवायचं. 'नियम माहीत नव्हता' या कारणाने निम्म्याहून जास्त गुण गेले असतील तर शिकवणारं माणूस हवं, आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात चुकांची वही द्यायची. बाकीच्या तीन कारणांनी गेले असतील तर आधी सहा आठवडे हा सराव करून पाहायचा, मग नव्या उत्तरपत्रिकेवर हीच यादी पुन्हा करायची.