वाचक विचारतात: गवत कापायचं मशीन बॅटरीचं घेतलं तर सरकार पैसे देतं का?

प्रश्न: नमस्कार. मी सोलापुरात लॉनची, बागेची कामं घेतो, होटगी रोडचे काही बंगले, एक शाळा, मंगल कार्यालयांची लॉन वगैरे. ब्रश कटर आणि मोवर सगळं पेट्रोलवर. माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो, तो म्हणतो तिथं जुनं पेट्रोलचं मशीन जमा केलं की बॅटरीच्या मशीनला सरकार पैसे देतंय, आपल्याकडं पण असंल बघ. आणि इथं एक जण म्हणतोय हजार रुपये द्या, फॉर्म भरून देतो, ५० टक्के सबसिडी हाय. खरं हाय का वो, का नुसतं फिरवतोय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: पहिलं म्हणजे ते हजार रुपये खिशातच ठेवा. तुमचा आतेभाऊ मात्र खोटं बोलत नाहीये.

कॅलिफोर्नियात 2021 मध्ये कायदा झाला की असली छोटी इंजिनं, म्हणजे मोवर, पानं उडवायचा ब्लोअर, ट्रिमरची, नवीन विकायची ती धूर न सोडणारीच, आणि 2024 च्या मॉडेलपासून ते लागू झालं. जुनं मशीन कुणी हिसकावून घेत नाही, वापरा म्हणतात. पण नुसता नियम केला तर तुमच्यासारखे छोटे कामवाले मरतील हे तिथल्या सरकारला कळत होतं, म्हणून छोट्या बागकामवाल्यांसाठी तीन कोटी डॉलर बाजूला काढले. शिवाय लॉस एंजेलिसच्या बाजूला घरगुती मोवरसाठी वेगळी योजना आहे, त्यात जुना पेट्रोलचा मोवर भंगारात गेल्याचं दाखवायचं मगच पैसे. ही अट मला लई आवडली, नाहीतर लोक नवीन पण घेणार आणि जुनं शेजाऱ्याला विकणार, धूर तेवढाच. कोलोरॅडोत अजून सोपं, 2024 पासून दुकानातच ३० टक्के कमी किमतीत मशीन मिळायला लागलं, फॉर्म-बिर्म काही नाही, दुकानदारानं नंतर सरकारकडून टॅक्समधून वसूल करायचं.

एवढ्याशा मशीनसाठी एवढा खटाटोप कशाला? तर कॅलिफोर्नियाच्या हवा खात्याचा हिशोब असाय की धंद्यात वापरतात तो पेट्रोल ब्लोअर एक तास चालवला तर धुरकं होणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढंच टोयोटा कॅमरी साधारण 1,100 मैल चालवल्यावर होतं. म्हणजे सोलापूर-मुंबई दोनदा जाऊन या, तरी थोडं उरंल. कारण गाडीला सायलेन्सरमध्ये धूर साफ करायची सोय असते, या मशीनला बहुतेक नसते, आणि टू स्ट्रोक असेल तर पेट्रोलमधला बराचसा भाग न जळताच बाहेर पडतो. लुनाच्या मागं सायकलवर ज्यांनी शाळा गाठलीय त्यांना हा वास सांगायला नको.

आता आपल्याकडचं. लॉनच्या बॅटरी मशीनला अशी सबसिडी आपल्याकडं नाही. केंद्राच्या विजेच्या गाड्यांच्या योजनेचे, पीएम ई-ड्राइव्हचे, 10,900 कोटी ठरले ते दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, ॲम्ब्युलन्स आणि चार्जिंगसाठी, तिथं तुमचा मोवर बसत नाही. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेत 15,000 चं टूलकिट आहे, पण त्या 18 धंद्यांत हार गुंफणारे आहेत, गवत कापणारे नाहीत, तेव्हा कुणी माळी म्हणून नाव घालतो म्हणाला तर हो म्हणू नका. पीएमईजीपी, म्हणजे केंद्राची धंद्याच्या कर्जावर अनुदान देणारी योजना, ती मुख्यतः नवीन धंद्याला, तुमचा तर चालू धंदा. मुद्रा मिळेल, पण ते कर्ज आहे, फेडायचं असतंय. तुमच्या त्या माणसाची ५० टक्के बहुतेक शेतीच्या योजनेतली उचललेली आहे, ते खालच्या प्रश्नात बघा.

मग सबसिडीशिवाय परवडतं का? तुमचं मशीन तासाला पाऊण-एक लिटर पीत असेल तर पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, ऑइल वेगळं. ५६ व्होल्ट ५ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला साधारण पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज, म्हणजे काही रुपयांत काम. पण गंमत अशी की ती अर्धा-पाऊण तास चालते, म्हणजे मंगल कार्यालयाचं मोठं लॉन धरलं की दोन-तीन बॅटऱ्या आल्या आणि खरा खर्च तिथंच. म्हणून सगळं एकदम बदलू नका. रोज चालणारं एक मशीन आधी बदला, बंगल्यांसाठी वायरवरचा इलेक्ट्रिक मोवर बघा, स्वस्त पडतो, फक्त ओल्या गवतात वायर ओढताना त्या लाइनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे, यात काटकसर नको.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर, सोलापूर हे केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, त्याचा निधी महापालिकेला येतो. बागांच्या देखभालीच्या टेंडरमध्ये बॅटरी मशीनची अट आणि तेवढा दर घातला तर तुमच्यासारख्या लोकांना सबसिडीपेक्षा जास्त उपयोग होईल, कारण कामाची खात्री असली की मशीनचे पैसे निघतात.

प्रश्न: माझी सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे. ब्रश कटर घेऊन बिल लावलं तर अनुदान मिळतं का?
– शेतकरी

उत्तर: बिल आधी आणि अर्ज नंतर केलात तर गेलं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करायचा, फार्मर आयडी लागतो, पूर्वसंमती आली की मगच खरेदी. अल्प-अत्यल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना ५० टक्क्यांपर्यंत, बाकीच्यांना ४०, आणि दोन्हीला वरची मर्यादा असते. मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट आहे का हे दुकानदाराला विचारा, त्यावर बरेच अर्ज अडकतात. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, दुकानदाराच्या हातात नाही.

प्रश्न: बॅटरीचं मशीन आपल्या उन्हात टिकंल का?
– विजापूर रोड

उत्तर: मशीन टिकतं, बॅटरीला जपावं लागतं. लिथियमला उष्णता सोसत नाही, त्यात गरम असतानाच चार्जिंगला लावली की आयुष्य कमी होतं, काही चार्जर तर तापलेली बॅटरी घेतच नाहीत. दुपारी बंद टेम्पोत ठेवू नका, काम झालं की सावलीत गार होऊ द्या मग लावा. तसं बघितलं तर एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढाताण असते, लॉन वाढणार कुठनं, खरं कापायचं काम जून ते ऑक्टोबर. तेव्हा उन्हापेक्षा जास्त चौकशी याची करा की सुटी बॅटरी कितीला मिळते आणि सर्व्हिस सोलापुरात आहे का पुण्याला पाठवावं लागतं.