हिरवा ठिपका असला की वस्तू शंभर टक्के शाकाहारी समजायची का?

खाद्यपदार्थांपुरतं बऱ्याच अंशी हो, पण पूर्ण नाही. आपल्या नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येतून दूध आणि मधासोबत मधमाशांचं मेण आणि शेलॅकही वगळलेलं आहे. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. चकचकीत गोळ्या-चॉकलेटांवर बऱ्याचदा त्याचा थर असतो. घटकांच्या यादीत ९०४ हा क्रमांक शोधा.

काजूकतलीवरच्या वर्खाबद्दल माझ्या आजीला कायम शंका असायची, आणि ती रास्त होती. चांदी पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटत. २०१६ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा नियामक संस्थेने, वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरायला मनाई केली. तरी सुटी मिठाई घेताना दुकानदाराला खुशाल विचारा, त्यात संकोच कसला?

खरी अडचण ठिपक्याच्या बाहेर आहे. औषधाच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे गाय-म्हैस किंवा डुकराच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं. हायप्रोमेलोज लिहिलं असेल तर कवच वनस्पतिजन्य. मात्र यासाठी औषध स्वतःहून बंद करू नका. तेच औषध गोळीच्या रूपात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. कॅप्सूल उघडून पूड घेणंही टाळा, काही औषधं तशी चालत नाहीत.

साबणावर 'सोडियम टॅलोवेट' (Sodium Tallowate) दिसलं तर ती जनावराची चरबी. लिपस्टिकमधला 'कार्माइन' हा लाल रंग कोचिनील किड्यांपासून काढतात.