कार्ड कुणाच्या खिशात?

प्रश्न : मुलगी बीकॉम झाली, ५८ टक्के. बँक क्लार्कची पूर्वपरीक्षा दोनदा हुकली. आता सिडकोतल्या बचत गटाच्या बायकांना अक्षरं आणि फोनवरून पैसे पाठवणं शिकवत बसते. हे खूळ सोडून तिने पुन्हा क्लास लावावा, असं मी ठरवलंय. तिच्या आईला यातलं काही येत नाही, एटीएम कार्डही माझ्याकडेच असतं. तिचं कुठे अडलं? मुलीला समजवा. – एक पालक, नाशिक

उत्तर : पत्र वाचून मला मुलीची नाही, तिच्या आईची काळजी वाटली. उद्या तुम्हीच दवाखान्यात असलात, तर पैसे कोण भरणार? कार्ड तुमच्या खिशात, पिन तुमच्या डोक्यात. ‘तिचं कुठे अडलं’ हे तुम्ही लिहिलंत. त्यांना कधी विचारलंत का? मुलगी घरात जे बघत मोठी झाली, तेच बदलायला ती निघाली आहे. त्याला खूळ म्हणू नका.

फोनवरची बटणं काय, कुणीही दाखवेल, असं तुम्हाला वाटत असेल. ते चूक आहे. क्यूआर स्कॅन करणं पाच मिनिटांत येतं. पण न शिकलेली बाई नोट रंगावरून ओळखते, फोनवर रंग नसतो, नुसती शून्यं असतात. पैसे यायला पिन लागत नाही, तो मागणारा लुबाडणारा असतो, हे अंगवळणी पडायला कित्येक आठवडे जातात. आणि फसलोच, तर लाजून गप्प न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा, हे धैर्यही शिकवावं लागतं. केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात अक्षरओळखीबरोबर आर्थिक आणि डिजिटल साक्षरता आहे, ती यासाठीच.

मुलीलाही स्पष्ट सांगते : ‘उल्लास’मध्ये शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यावर पोट भरणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बँका आणि सामाजिक संस्था मिळून आर्थिक साक्षरता केंद्रं चालवतात, तिथे पगारी काम असतं, चौकशी कर. बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने लोकांचे व्यवहार करून देणारा प्रतिनिधी, होता येतं, पण तिथे मुख्य कमाई कमिशनची. क्लार्कची परीक्षा खुल्या गटालाही वयाच्या २८ वर्षांपर्यंत देता येते. द्यायची की नाही, ते तिने ठरवावं.

तुम्ही मात्र येत्या रविवारी बायकोचं कार्ड त्यांच्या हातात द्या. मुलीला त्यांच्यासोबत एटीएमवर जाऊ द्या. नवा पिन टाकताना तुम्ही बाहेर थांबा.