वाचकांचे प्रश्न: मायांचा कोको – पेय, पीक आणि पैसा

गेल्या अंकातल्या माया संस्कृतीवरील लेखानंतर बहुतेक पत्रे कोकोबद्दलच आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माया लोक चॉकलेट खात, असे मुलाच्या पुस्तकात आहे. म्हणजे वड्या खात का? आणि ते फक्त राजांनाच मिळे का? (एक वाचक, सातारा)

वड्या नाही, ते पेय होते. मायांकडे ऊस नव्हता आणि दुभते जनावरही नव्हते. गोडी हवी असेल तर नांगी नसलेल्या मधमाश्यांचा मध. बाकी पेय कडवट, दाट आणि वर फेस. खाण्याची चॉकलेटची वडी युरोपात १९व्या शतकात तयार झाली.

राजघराण्यातल्या पेल्यांच्या काठावर मालकाचे नाव आणि आतले पेय लिहिलेले असे, त्यामुळे सगळा कोको राजवाड्यातच जाई असा समज बरीच वर्षे होता. तो आता टिकत नाही. एल साल्वादोरमधले होया दे सेरेन हे शेतकऱ्यांचे गाव सुमारे १४०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे परसात कोकोचे झाड आणि घरातल्या मडक्यात कोकोच्या बिया सापडल्या. बेलीझ-ग्वातेमाला सीमेवरच्या एल पिलार परिसरात साध्या घरांतल्या भांड्यांतही कोकोचा अंश मिळाला आहे. राजाकडे कोको रोज येई, त्याचे पेले चितारलेले असत. सामान्य घरात तो सणाला, लग्नाला, पाहुण्याला निघत असावा. फरक प्रमाणाचा होता, हक्काचा नव्हता.

एक सावधगिरी. अझ्टेक सम्राट मोक्तेसुमा आणि त्याच्या दरबारातले कोकोचे घट या गोष्टी अझ्टेकांच्या, १६व्या शतकातल्या मध्य मेक्सिकोतल्या. मायांचा भरभराटीचा काळ इसवी सन २५० ते ९००, आणि प्रदेश ग्वातेमाला, बेलीझ, आग्नेय मेक्सिको, होंडुरास व एल साल्वादोरचा पश्चिम भाग. दोघांची सरमिसळ झालेला मजकूर फार फिरतो.

प्रश्न : केरळहून वाळवलेल्या कोकोच्या बिया आणल्या आहेत. मायांसारखे पेय घरी करता येईल का? दोनदा केले, दोन्ही वेळा खाली गाळ आणि वर तेल. (एक वाचक, पुणे)

येईल. मका सोडून केले असेल तर गाळ बसणारच. मायांच्या नेहमीच्या कोकोपेयात मका हा अर्धा जीव होता. तो बिया आणि पाणी यांना धरून ठेवतो.

आधी मका. पांढरा वाळलेला मका २५० ग्रॅम, पाणी एक लिटर, विड्याला लावतात तो ओला चुना एक लहान चमचा. स्टीलच्या पातेल्यात ३०-४० मिनिटे उकळा आणि रात्रभर तसाच ठेवा. ॲल्युमिनियम नको, चुना ते खातो. सकाळी दाणे चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा. साल बुळबुळीत होऊन सुटली पाहिजे. नाही सुटली तर चुना कमी पडला किंवा मका जुना आहे. चुन्याचा वास राहिला तर धुणे कमी पडले. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात मका असाच शिजवतात आणि त्यामागे भक्कम कारण आहे: चुन्यामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. ही रीत न घेता नुसत्या मक्यावर जगणाऱ्या युरोपातल्या गावांत पेलाग्रा हा रोग पसरला. दाणे बारीक वाटून गोळा करा. दोन पेल्यांना त्यातले चार चमचे पुरतात, उरलेल्याच्या भाकऱ्या थापा.

आता बिया. दोन पेल्यांना ४० बिया, म्हणजे साधारण ४० ग्रॅम. लोखंडी तव्यावर मंद आचेवर १५-२० मिनिटे सतत हलवत भाजा. टरफल तडकू लागले आणि बोटांत चुरडताच सुटले की उतरवा. आच मोठी झाली तर टरफल जळते, आतली बी कच्ची राहते, आणि पेय एकाच वेळी करपट आणि आंबट लागते. कोमट असतानाच सोला आणि सुपाने पाखडा. टरफलाचे तुकडे राहिले तर कितीही वाटा, जिभेला भुसा लागणार.

वाटण पाट्यावरच करा. मायांचा मेताते हाच दगड, फक्त त्याला पाय असत. बीचा जवळजवळ अर्धा भाग स्निग्ध असतो आणि ते लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळते. पाटा उन्हात तापवून घेतला तर सात-आठ मिनिटांत भरड पूड ओली होऊन चकाकते. तिथे थांबू नका. बोटांत कण लागेनासा होईपर्यंत आणखी तितकाच वेळ वाटा. तुमचा गाळ बहुधा इथेच राहिला. वाटताना शेवटी एक बी काढलेली सुकी लाल मिरची आणि चिमूटभर शेंदरीच्या बिया घाला. शेंदरीचा लाल रंग मायांना प्रिय होता.

मक्याचा गोळा अर्धा लिटर पाण्यात कालवून पाच मिनिटे शिजवा, कोमट होऊ द्या, मग थोडे थोडे घालत कोकोचे वाटण त्यात मोडा. गार पाण्यात टाकले तर लोणी गोठून रवा होतो. उकळत्या पाण्यात ते सुटून वर तरंगते. तुमचे तेल तिथून आले.

शेवटी फेस. रवी वापरू नका. लाकडी घुसळणी तिथे स्पॅनिश काळात आली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संग्रहालयात आठव्या शतकाच्या आसपासचा एक माया पेला आहे. त्यावर एक स्त्री उभी राहून वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात पेय ओतताना दाखवली आहे. तसेच करा: दोन उंच भांडी, हातभर अंतर, बारीक धार, वीस-पंचवीस वेळा. फेस धरला नाही तर वाटण भरड आहे किंवा पाणी जास्त झाले. बाजारातली कोको पावडर या कामाची नाही. तिच्यातले बरेचसे लोणी काढून घेतलेले असते.

प्रश्न : बियांचा पैसा म्हणून वापर होता तर लोक झाडे लावून श्रीमंत का झाले नाहीत? (एक वाचक, नागपूर)

कारण झाड सगळीकडे येत नाही. कोकोला बारमाही ओल, सावली आणि उष्ण हवा लागते. थंडी आणि कोरडा वारा सोसत नाही. चांगली जमीन थोडी होती: मेक्सिकोतले ताबास्को आणि सोकोनुस्को, ग्वातेमालाचा पॅसिफिक उतार, बेलीझची नदीखोरी, होंडुरासमधले उलुआ. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग कोरडा, चुनखडीचा. तिथे लोक जमीन खचून झालेल्या खोल, दमट खड्ड्यांत मोजकी झाडे जपत. शिवाय बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत रुजण्याची ताकद गमावते. दूरच्या बाजारात आलेली वाळकी बी म्हणजे नुसते चलन, ती पेरून काही मिळत नसे.

हिशोब विसाच्या पटीत चाले: २०, ४००, ८,०००. मेक्सिकोतल्या बोनाम्पाक या माया नगरीच्या इ.स. ७९०च्या सुमाराच्या भित्तिचित्रांत सिंहासनाजवळच्या गाठोड्यावर ‘पाच पिक कोको’ असे लिहिले आहे. पिक म्हणजे ८,०००, तेव्हा ४०,००० बिया. एक बी साधारण ग्रॅमभर धरली तर ४० किलो.

नेमके भाव मिळतात ते नंतरचे आणि मायांच्या प्रदेशाबाहेरचे. मध्य मेक्सिकोतल्या त्लाश्कालाच्या १५४५च्या यादीत टर्कीच्या मादीला १०० भरलेल्या किंवा १२० सुरकुतलेल्या बिया, नुकत्या तोडलेल्या अव्होकॅडोला तीन, मोठ्या टोमॅटोला एक. भरलेली आणि सुरकुतलेली यांतला फरक बाजाराने भावात धरला होता, हे त्या यादीतले सर्वांत बोलके कलम. खोट्या बियाही होत्या. सोळाव्या शतकातल्या मध्य मेक्सिकोच्या नोंदींत राजगिऱ्याचे पीठ, मेण, अव्होकॅडोच्या कोयीचे तुकडे वापरून केलेल्या बियांचा उल्लेख येतो. ओळखायची रीत सोपी: बोटांनी दाबा. खरी वाळलेली बी कडक असते आणि फोडली की आत भेगाळ तपकिरी गर दिसतो. युकातानमध्ये सुट्या पैशासारखा कोको १९व्या शतकापर्यंत चालला.

प्रश्न : बैल नाहीत, गाड्या नाहीत. मग व्यापार कसा? (एक वाचक, कोल्हापूर)

जमिनीवर माणसाच्या पाठीवर, ओझ्याचा पट्टा कपाळावर घेऊन, पाण्यावर होडीने. अझ्टेकांकडे कोकोचे एक ओझे २४,००० बियांचे, म्हणजे साधारण २३ किलोचे धरत. जड, नाशवंत माल होडीने जाई. उत्तर युकातानच्या किनाऱ्यावर मिठागरे होती. स्पॅनिश बिशप दिएगो दे लांदा १५६६च्या सुमारास लिहितो की तिथले व्यापारी मीठ, कापड आणि गुलाम घेऊन उलुआ व ताबास्कोला जात आणि बदल्यात कोको व दगडी मणी आणत. गुलाम या यादीत आहेत, ते गाळून या व्यापाराचे गुणगान करणे बरोबर नाही.

१५०२ मध्ये होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटापाशी कोलंबसच्या चौथ्या सफरीला अशी एक मोठी होडी भेटली. तिच्यात सुती वस्त्रे, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि घंटा, धारदार दगडी पाती बसवलेल्या लाकडी तलवारी आणि ‘बदामां’सारख्या बिया होत्या. बी खाली पडली की ती उचलायला सगळे वाकत, हे स्पॅनिशांनी टिपले. किंमत मात्र त्यांना कळली नाही.

प्रश्न : दीड हजार वर्षांपूर्वीच्या रिकाम्या मडक्यात कोको होता हे ठरवतात कसे? (एक वाचक, ठाणे)

थिओब्रोमिनवरून. कोकोतले हे द्रव्य मातीच्या भांड्याच्या छिद्रांत मुरते आणि शतकानुशतके टिकते. ग्वातेमालातल्या रिओ अझुलच्या पाचव्या शतकातल्या थडग्यात फिरवून घट्ट होणाऱ्या झाकणाचे भांडे मिळाले. त्यावरच्या चित्रलिपीत कोकोचा उल्लेख वाचला गेला, आणि आतल्या अवशेषात थिओब्रोमिन निघाले. दोन स्वतंत्र पुरावे जुळले म्हणून हा निष्कर्ष भक्कम. नुसते थिओब्रोमिन मिळाले तर जपून: भांडे आधी धुतलेले असू शकते, किंवा हाताळणाऱ्याच्या चॉकलेटचा अंश त्याला लागलेला असू शकतो.

प्रश्न : नारळाखाली कोको लावला आहे. फुले खूप, फळे कमी. माया काय करत? (एक शेतकरी, सिंधुदुर्ग)

बागेची झाडलोट थांबवा. कोकोचे परागीभवन करणारे बारीक किडे कुजणाऱ्या पाल्यात वाढतात. बुंध्याखाली पाल्याचा थर राहू द्या. शंभर फुलांतून एक ते पाच फळे धरली तरी ते नेहमीचेच आहे. मध्य अमेरिकेत कोकोच्या सावलीला पिढ्यान् पिढ्या लावतात ते झाड तुमच्या बांधावर आधीच असेल: गिरीपुष्प. ते मूळचे तिकडचेच, मुळांवाटे जमिनीत नत्र आणते आणि छाटलेला पाला थेट कोकोच्या बुंध्याशी टाकता येतो. पावसाळ्यात मात्र त्याची छाटणी चुकवू नका. सावली दाट झाली की फळे काळी पडून कुजतात. पिकलेले फळ आपोआप गळत नाही, खारी ते झाडावरच फोडून आतला गोड गर खातात, तेव्हा रंग बदलताच दर आठ-दहा दिवसांनी तोडणी करा. तोडताना देठ ओढू नका, धारदार कोयत्याने कापा. ज्या गादीवर फूल येते तिथेच पुढच्या वर्षीही येते, ती सोलवटली की ती जागा कायमची गेली.