डिशचा रिमोट आणि टीव्हीचा रिमोट: दोन्हींचे काम एकावर आणावे का?

आपला प्रश्न असा आहे की, आईंकडे नुकताच डिशचा सेट टॉप बॉक्स बसवला असून त्यांच्यापुढे आता दोन रिमोट असतात. लाल बटण दाबले की कधी पडदा काळा होतो, तर कधी 'नो सिग्नल' अशी अक्षरे येतात. बसवणाऱ्याने सर्व एकाच रिमोटवर करून देण्याचे कबूल केले होते, ते केले नाही. तर ते घरी करता येईल का, आणि करावे का?

घरी करता येते. आवाजाची बटणे अवश्य एका रिमोटवर आणावीत. लाल बटणाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे आणि त्याचे कारण पुढे देतो.

आईंना सर्वांत आधी हे समजावून सांगावे की समोर यंत्रे दोन आहेत. गच्चीवरच्या किंवा खिडकीच्या ग्रिलला लावलेल्या छत्रीतून येणारा संदेश बॉक्स उलगडतो आणि तयार चित्र व आवाज तारेतून टीव्हीकडे पाठवतो, म्हणजे या व्यवस्थेत टीव्हीकडे पडदा आणि स्पीकर एवढेच काम उरते. वाहिन्या बॉक्सकडे असल्यामुळे त्या बदलायच्या त्या बॉक्सच्याच रिमोटने. टीव्हीच्या रिमोटवरचे वाहिन्यांचे बटण चुकून दाबले गेले, तर अनेक टीव्ही बॉक्सकडे पाठ फिरवून स्वतःच्या रिकाम्या ट्यूनरवर (टीव्हीतला वाहिन्या पकडणारा भाग) जातात, आणि पाहणाऱ्याला वाटते की डिश बिघडली. (मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ पासून केबललाही सेट टॉप बॉक्स अनिवार्य झाला, त्यामुळे छत्री नसलेल्या घरांतही हाच गोंधळ होतो.)

माझी आत्या गिरगावात एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात तिने मला मुलुंडला फोन करून सांगितले की वाऱ्याने छत्री हलली आणि टीव्ही गेला. मी पोहोचण्याआधीच शेजाऱ्यांनी बोलावलेला एक कारागीर येऊन गेला होता. त्याने एक बटण दाबले, साडेतीनशे रुपये घेतले आणि काय केले ते तिला सांगितले नाही. आठवड्याभरात पुन्हा तेच घडले तेव्हा मी स्वतः गेलो. पडदा निळा होता आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'एव्ही' असे लिहिलेले होते. बॉक्सची तार एचडीएमआय १ या जागी जोडलेली होती आणि आत्याच्या हातून टीव्हीच्या रिमोटवरचे 'सोर्स' बटण, म्हणजे चित्र कोणत्या जोडणीतून घ्यायचे ते ठरवणारे बटण, दाबले जाऊन टीव्ही 'एव्ही' या दुसऱ्या, रिकाम्या जोडणीवर गेला होता. ते पुन्हा दाबून एचडीएमआय १ निवडताच बातम्या सुरू झाल्या. मग तिच्याच टिकल्यांच्या पाकिटातली एक टिकली काढून आम्ही त्या बटणावर चिकटवली, म्हणजे अंधारातही ते बोटाला लागते.

म्हणून फोनवर मदत करताना आपण आईंना पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वाचून दाखवायला सांगावे, कारण 'सिग्नल नाही' असा संदेश दोन ठिकाणांहून येऊ शकतो. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर नुसते 'नो सिग्नल' असेल, तर ते टीव्ही बोलत आहे. त्याला बॉक्सकडून काहीच मिळत नाही, म्हणजे एकतर सोर्स बदलला आहे किंवा बॉक्स बंद आहे. याउलट डिश कंपनीच्या नेहमीच्या रंगसंगतीत, एखाद्या क्रमांकासह सविस्तर सूचना आली असेल, तर ती बॉक्सने पाठवली आहे. टीव्ही, तार आणि रिमोट तिन्ही ठीक असून अडचण छत्रीकडची आहे. मुसळधार पावसात असे होणारच, कारण डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँडच्या लहरी पाण्याचे थेंब बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात. अशा वेळी बटणे दाबत बसू नये, पाऊस ओसरू द्यावा.

आता लाल बटणाविषयी. बहुतेक रिमोटमधून 'चालू हो' आणि 'बंद हो' असे दोन निरोप जात नाहीत. 'आहेस त्याच्या उलट हो' असा एकच निरोप जातो. एकाच लाल बटणावर दोन्ही यंत्रे बांधली आणि एखाद्या वेळी मध्ये कोणी उभे राहिल्यामुळे तो निरोप एकालाच पोहोचला, की त्यानंतर प्रत्येक वेळी एक यंत्र चालू होताना दुसरे बंद होते. आपल्या आईंना आज दोन वेगळ्या रिमोटवर कधी काळा पडदा आणि कधी 'नो सिग्नल' दिसतो, तोही बहुधा असेच एक यंत्र चालू आणि दुसरे बंद राहिल्यामुळे. एकाच बटणावर बांधल्यावर तसे झाल्यास बॉक्सची पुढची काच तळहाताने झाकून लाल बटण एकदा दाबावे, म्हणजे दोघे पुन्हा एका चालीवर येतात. वयस्कर माणसाला हे रोज करायला लावणे मला योग्य वाटत नाही. डिशच्या रिमोटवर टीव्हीसाठी वेगळे लाल बटण दिलेले असेल तर ते जरूर शिकवून ठेवावे, म्हणजे टीव्हीच्या रिमोटवरच्या त्याच बटणाचा निरोप डिशच्या रिमोटमध्ये नोंदवून ठेवावा. एकच असेल तर ते बॉक्सपुरते राहू द्यावे.

शिकवण्याची रीत अशी. डिशच्या अनेक रिमोटवर चार-पाच बटणे वेगळ्या चौकटीत असतात आणि त्यांत एक 'सेट' असते. ते काही सेकंद दाबून धरले की रिमोटचा बारीक दिवा लागून राहतो. मग जे बटण शिकवायचे ते दाबावे, टीव्हीचा रिमोट दोन-तीन बोटे अंतरावर अगदी समोरासमोर धरावा आणि त्यावरचे तेच बटण दाबावे. दिवा लुकलुकला म्हणजे ते शिकले. प्रत्येक बटणाला हे स्वतंत्रपणे करून शेवटी पुन्हा 'सेट' दाबावे. बटणांची नावे व क्रम कंपनीनुसार थोडे बदलतात, त्यामुळे माहितीपत्रक जवळ असू द्यावे. त्याआधी बॉक्सचा स्वतःचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवून ठेवावा, नाहीतर बॉक्सचा आवाज तळाशी राहतो आणि आई टीव्हीचा आवाज शंभरपर्यंत नेऊनही काही ऐकू येत नाही.

रिमोट चालेनासा झाला तर नवा आणण्यापूर्वी मोबाइलचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. रिमोटमधून सुमारे ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. ठिपका दिसला तर रिमोट बहुधा जिवंत आहे, तेव्हा बॉक्सकडे पाहावे. आमच्या आत्याने बॉक्सवर क्रोशाचा रुमाल घातला होता आणि त्याची झालर नेमकी पुढच्या काचेवर लोंबत होती. गणपतीत मखरामागे बॉक्स गेला की हीच तक्रार घरोघरी येते. तो रुमाल काढणे आणखी एका कारणाने गरजेचे होते: बॉक्स तापतो आणि त्याला वरून हवा लागते. आवाजी आदेश घेणारे काही नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांना ही कॅमेऱ्याची परीक्षा लागू पडत नाही. त्यांची जोडणी सेटिंगमधून पुन्हा करावी लागते.

ठिपका दिसलाच नाही तर सेल बदलावेत, दोन्ही एकदम आणि एकाच जातीचे. जुने सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड जमली असेल, तर ती कोरड्या कापसाने पुसून घ्यावी, बोटाने खरवडू नये. मुंबईच्या दमट हवेत स्प्रिंगा लवकर गंजतात, म्हणून घर महिनाभर बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवलेले बरे. काही रिमोट मात्र सेल काढल्यावर शिकवलेली बटणे विसरतात. त्यासाठी टीव्हीचा मूळ रिमोट नजरेआड झाला तरी चालेल, पण तो टाकून देऊ नये. पुन्हा शिकवायची वेळ आली तर तोच लागेल. आत्याकडे तो आता देवघराखालच्या खणात, सेल बाहेर काढून, कागदात गुंडाळून ठेवला आहे.