बुधवारचं इंजेक्शन, शनिवारची बैठक

प्रश्न : वय ४७, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. वजन १०६ होतं. तीन महिने दर बुधवारी तिर्झेपटाइडचं इंजेक्शन घेतोय, आता ९७. शुगरसाठी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळीही आहे. शनिवारी मित्रांबरोबर बसणं होतं. पूर्वी क्वार्टर सहज जायची, गेल्या खेपेला दुसऱ्या पेगलाच सगळं उलटून पडलं. मित्र म्हणतात, त्या आठवड्याचं इंजेक्शन सोड. चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार. हे औषध अंगात निम्मं व्हायलाच साधारण ५ दिवस लागतात. बुधवार चुकवलात तरी शनिवारी आधीचं असणारच. त्यानं जठर सावकाश रिकामं होतं. दुपारचं जेवण अजून तिथंच, त्यावर तांबडा रस्सा, त्यावर व्हिस्की. उलटणारच!

मला मात्र उलटीपेक्षा तुम्ही जाता जाता लिहिलेली ती गोळी टोचतेय. ग्लिमेपिराइड साखर खाली ओढतं. इंजेक्शननं भूक मेलेली, जेवण चार घास. एरवी अशा वेळी लिव्हर नवी साखर बनवून रक्तात सोडतं आणि सावरून घेतं, पण दारू प्यायल्यावर त्याचं ते काम मंदावतं. मग घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. आणि मित्र म्हणतात, "आज जास्त झाली, झोपू दे." तिथंच घात होतो. बैठकीतल्या एकाला तरी हे सांगून ठेवा. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

पोटाच्या वरच्या भागातली कळ पाठीत गेली आणि उलट्या थांबेनात, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. सकाळची वाट बघू नका.

क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात, भडंग वेगळं. मी तुम्हाला माळ घाला म्हणत नाही. पण नऊ किलो उतरल्यावर गोळीचा डोस तेवढाच लागतो का, हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि किती पिता तेही खरं सांगा. तोवर ग्लासात लिंबू-सोडा. दुसऱ्या पेगनंतर कुणाच्या लक्षातही येत नाही, असं माझा तासगावचा एक पेशंट सांगतो.