“मी काय बेवडा आहे का?”

“मॅडम, ह्यांना दारूचा त्रास आहे हे मान्यच नाही. मग डॉक्टरकडे न्यायचं कसं?” हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. उत्तरादाखल एका टर्नरची, म्हणजे लेथ मशीनवर काम करणाऱ्या कामगाराची, गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

वय 45. सकाळी क्वार्टर पोटात गेल्याशिवाय दात घासणं नाही. पहिल्यांदा बायको एकटीच आली. पर्समधून तिने गोळ्यांची पुडी काढली. ‘न सांगता चहात टाका, दारू सुटेल’ म्हणून कुणीतरी दिलेली. नशीब, तिने टाकली नव्हती. डायसल्फिराम होतं ते. पोटात हे औषध असताना प्यायलं तर चेहरा लाल होतो, धडधडतं, रक्तदाब घसरतो, जीवही जाऊ शकतो. माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं हे औषध. पुडी मी ठेवून घेतली.

ते स्वतः आले तेव्हा चूक माझीच झाली. प्रश्नावली काढली, गुण मोजले आणि ‘हे व्यसन आहे’ हे पटवत बसले. “मी काय बेवडा आहे का? स्वतःच्या पैशाने पितो, गटारात पडत नाही,” म्हणत ते उठले.

महिन्याभराने मेहुण्याने कसंबसं परत आणलं. चहा आला. त्यांनी कप उचललाच नाही. बशीत ओतला आणि बशी टेबलावरच ठेवून तोंड खाली नेलं. मी दारूचं नाव काढलं नाही. “कामावर मायक्रोमीटर धरता येतो?” एवढंच विचारलं. बारीक मापं घ्यायचं साधन ते.

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “दुपारपर्यंत नाही. केलेले पार्ट रिजेक्ट होतात.”

हाताची थरथर त्यांना मान्य होती. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला तेवढं पुरलं. फसवलं मात्र नाही. डॉक्टर कसले आणि थरथर दारू उतरल्यामुळे होते, दोन्ही स्पष्ट सांगितलं.

“घरीच एकदम बंद करू की,” मेहुणा म्हणाला. इतकं पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो. म्हणून भरती. औषधं चालू असूनही तिसऱ्या रात्री ते पलंगावर बसून हवेत लेथचं हँडल फिरवत होते. बायकोला ओरडले, “बाजूला हो, डोळ्यात कण जाईल!” बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, रोज थोड्या कमी होत जाणाऱ्या गोळ्या. पाचव्या दिवशी ताळ्यावर आले.

ते स्वतः तयार झाले म्हणून बरं. मनाविरुद्ध भरतीची वाट 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण जिवाला धोका वगैरे असेल तरच, एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने स्वतंत्रपणे तपासून. नुसतं ‘ऐकत नाहीत’ हे कारण चालत नाही.

आणि ‘मान्य नाही’ म्हणजे दरवेळी खोटारडेपणा नसतो. स्वतःकडे जरा लांबून बघायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि वर्षानुवर्षांच्या दारूने तोच मंदावतो. दारू थांबली की काही आठवड्यांत तो थोडा सावरतो. आधी कबुली, मग उपचार असा हट्ट धरणाऱ्या घरांत म्हणूनच वर्षं जातात.

‘बेवडा’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी अजून वापरलेला नाही. मीही मागितलेला नाही. गेल्या मंगळवारी गोळ्या संपायच्या दोन दिवस आधीच आले. एकटे.